‘उन्हाळी’ म्हणजे नेमकं कधी? विदर्भातल्या कॉलेज-वेळापत्रकाच्या वादाची पार्श्वभूमी

मार्च लागला की विदर्भातल्या कॉलेजांत दोन मागण्या निघतात. एक म्हणते, तासिका सकाळी घ्या. दुसरी म्हणते, एप्रिलनंतर तासिकाच नकोत. निवेदनात दोन्ही एकाच कागदावर येतात, खाली सह्याही त्याच मुलांच्या. पण पहिली मागणी घड्याळाची आहे आणि दुसरी कॅलेंडरची. गेली काही वर्षं उत्तर मिळतं ते पहिलीला.

जुना काळ थोडक्यात. नागपूरचं विद्यापीठ १९२३ चं. वार्षिक पद्धत होती तोवर हिशेब सोपा होता: जूनअखेर वर्ग सुरू, दिवाळीला पहिलं सत्र संपलं, मार्च-एप्रिलमध्ये एकच परीक्षा. २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत होस्टेलं ओस पडलेली. वर्गात कूलर लावायचा की नाही, असा प्रश्नच यायचा नाही, कारण कूलर लागेल अशा दिवसांत वर्गात कोणी नसायचंच. शाळांनी ही समजूत अजून राखली आहे. २०२४ मध्ये उर्वरित राज्यातल्या शाळा १५ जूनला उघडल्या, विदर्भातल्या १ जुलैला. कॉलेजांच्या शिकवण्याचे दिवस मोजणारा नियम मात्र दिल्लीत, विद्यापीठ अनुदान आयोगात ठरतो. दिवस १८०, सत्राला ९०. नाशिकला तेवढेच आणि चंद्रपूरलाही तेवढेच.

सेमिस्टर आली आणि परीक्षा दुप्पट झाल्या. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कॉलेजच्या वर्षाचे ५२ आठवडे वाटून दिलेले आहेत: शिकवायला ३०, प्रवेश, परीक्षा आणि तिच्या तयारीला मिळून १०, सुट्टीला १०, सणावारांना २. कागदावर बेरीज चोख जमते. पण दोन परीक्षा, त्यांची प्रॅक्टिकलं, पेपर तपासणी आणि बॅकलॉगवाल्यांचे पेपर हे सगळं त्या १० आठवड्यांत बसवून दाखवा. नाही बसलं की ते सुट्टीच्या १० आठवड्यांत सांडतं, आणि विदर्भात ती सुट्टी म्हणजे ४२-४३ अंशांचा मे.

आता त्या शब्दाकडे, कारण निम्मा गोंधळ त्याचाच आहे. विदर्भातल्या विद्यापीठांत ‘उन्हाळी परीक्षा’ म्हणजे वर्षातली दुसरी परीक्षा, ‘हिवाळी’ म्हणजे पहिली. ही नावं ऋतूंवरून पडली, पण ऋतूंशी बांधलेली राहिली नाहीत. कोरोनानंतर तर अगदीच नाहीत. २०२० मध्ये अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ ऑगस्टला निकाल लागला: परीक्षेशिवाय पदवी नाही. पेपर ऑक्टोबरमध्ये झाले, नवे प्रथम वर्ष नोव्हेंबरवर गेले, आणि पुढची सगळी सत्रं गाडीच्या डब्यांसारखी मागे ओढली गेली. २०२२ मध्ये राज्यभर ठरलं, परीक्षा ऑफलाइन, १ जून ते १५ जुलै. म्हणजे गुणपत्रिकेवर ‘उन्हाळी २०२२’ आणि केंद्राबाहेर छत्र्या वाळत घातलेल्या. मुलाखतीत एकाला विचारलं होतं म्हणे, ‘उन्हाळी आहे तर जुलैची तारीख कशी?’ काय सांगणार बापडा.

परीक्षा जुलैत ढकलली तर तिच्या आधीच्या तासिका कुठे गेल्या? एप्रिल-मेमध्ये. तोवर ‘उन्हाळी’ला फक्त परीक्षेचा अर्थ होता, आता ‘उन्हाळी वर्ग’ हा शब्दही सर्रास चालू झाला आणि त्याचे तीन अर्थ झाले. कोणाला त्यात सकाळपाळी दिसते. कोणाला मेमधल्या नेहमीच्या तासिका. तर स्वायत्त अभियांत्रिकी कॉलेजातल्या मुलाला तो बॅकलॉग काढायचा जादा टर्म वाटतो, पैसे भरून घेतलेला. ‘उन्हाळी वर्गांना विरोध’ अशी बातमी येते तेव्हा विरोध यातल्या कशाला, हे बातमीवरून कळत नाही. एटीकेटीचं, म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’चं, असंच झालं आहे. ‘टर्म ठेवू दिली’ हा तिचा मूळ अर्थ कोणाच्या ध्यानात नाही. आज ती नापासाची सौम्य आवृत्ती आहे.

सकाळपाळीचं गणितही एकदा मांडू. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सत्राला साधारण २२ क्रेडिट. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एकाला ३०. सगळी थिअरी धरली तर ३३० तास, ९० दिवसांत रोजचे जवळपास पावणेचार. सात ते अकरात कसेबसे मावतात. पण बीएस्सीला सहा क्रेडिट प्रयोगशाळेचे असतील तर बेरीज ४२० वर जाते, रोज साडेचारच्या पुढे. त्यामुळे बीएच्या मुलाला सकाळपाळी वरदान वाटते आणि बीएस्सीची मुलगी दुपारी बारा-एकला, बर्नर पेटलेल्या खोलीत, पंखा बंद करून उभी असते. पंख्याने ज्योत हलते ना.

मतं विषयावरून फुटतात त्याहून जास्त पत्त्यावरून फुटतात. शहरातला मुलगा सात म्हणताच हो म्हणतो. खेड्यातली मुलगी आधी मुक्कामी गाडीचं विचारते: रात्री गावात थांबणारी एसटी पहाटे सुटते कधी? साडेसहाला सुटून आठला पोचणारी असेल तर तिचा पहिला तास रोज बुडणार, आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की फॉर्म अडणार. दुपारी परतीची गाडी दोनची. अकरा ते दोन स्टँडवर, तोंडाला दुपट्टा बांधून. होस्टेलवाल्यांची कुरकूर मेसची आणि पाण्याच्या टाकीची. अर्धवेळ काम करणाऱ्यांना सकाळपाळीच हवी. स्पर्धा परीक्षावाल्यांना अभ्यासिका गाठायची असते, त्यांना कुठलीच पाळी नको. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या मुलांचं कारण निवेदनात क्वचित येतं: मे म्हणजे तेंदूपानाचा हंगाम. पंधरा-वीस दिवसांचं काम, घरातले सगळे हात लागतात, आणि पुढच्या वर्षाची फी बहुधा त्यातूनच निघते. मला विचाराल तर सगळ्यात वजनदार हरकत हीच आहे.

ही मतं मांडायची कुठे, हा वेगळा गुंता. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी प्रतिनिधी गुणांवरून नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुका परतल्या. २०१९ मध्ये त्या होणार म्हणताना विधानसभा निवडणूक आडवी आली, पाठोपाठ कोरोना. वेळापत्रक ठरतं त्या टेबलाशी निवडून आलेला विद्यार्थी नसतो. राहतात निवेदनं आणि मोबाइलवरचे फॉर्म. असा एक फॉर्म मी पाहिला आहे. प्रश्न एकच होता, ‘आपणास कोणती वेळ सोयीची?’, आणि पर्याय दोन: सकाळ, दुपार. मे नको, असं लिहायला जागाच नव्हती. काहींनी ते ‘नाव’ या रकान्यात लिहिलं.

संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवा आराखडा लागू आहे. त्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं असेल, तर ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पुरी करावी लागते. देशपातळीवरच्या आराखड्यात तिची वेळ लिहिलेली आहे: उन्हाळी सुट्टीत.