नैसर्गिक जलप्रवाहांतील रोगकारक जीवाणू आणि मानवी रोगप्रतिकारक्षमता

नद्या, ओढे, तळी, खाड्या आणि पाणथळ जागा यांच्या पाण्यात मुळातच वास्तव्य असलेले किंवा बाहेरून त्यात मिसळणारे काही जीवाणू माणसात रोग निर्माण करतात. त्यांचा आणि त्यांना तोंड देणाऱ्या शरीरातील संरक्षक यंत्रणेचा परस्परसंबंध हा या नोंदीचा विषय आहे. स्वच्छ दिसणाऱ्या नदीच्या एक मिलिलिटर पाण्यातही लाखो जीवाणू असू शकतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असून कुजलेल्या पदार्थांचे विघटन करून तेच जलसृष्टीचे चक्र चालू ठेवतात. रोगकारक जाती त्यांत अगदी मोजक्या असतात. पाणी बाधेल की नाही हे रोगजंतूच्या केवळ असण्यावर ठरत नाही. ते किती संख्येने, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या शरीरात शिरले, यावर ते ठरते.

उगम आणि वास्तव्य

या जीवाणूंचे दोन गट पडतात आणि ते वेगळे ओळखणे व्यवहारातही महत्त्वाचे असते. पहिला गट विष्ठेतून किंवा मूत्रातून पाण्यात येणाऱ्यांचा. विषमज्वराचा साल्मोनेला टायफी, हगवणीचा शिगेला, एश्चेरिचिया कोलायचे रोगकारक प्रकार, गुरांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून येणारा कॅम्पिलोबॅक्टर आणि उंदीर, गुरे, डुकरे यांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरा हे या गटात मोडतात. दुसरा गट पाण्याच्याच रहिवाशांचा आहे. पटकीचा व्हिब्रिओ कॉलेरी खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या कायटिनयुक्त कवचाला चिकटून माणसाशिवायही तग धरतो. व्हिब्रिओ व्हल्निफिकस, एरोमोनास, स्यूडोमोनास आणि लिजिओनेला हेही याच गटातले. सांडपाणी अडवले की पहिल्या गटाचा उपद्रव झपाट्याने कमी होतो. दुसऱ्या गटावर त्याचा मर्यादितच परिणाम होतो.

विष्ठेतून आलेल्या जीवाणूंना उघडे पाणी फारसे मानवत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, पोषणद्रव्यांची चणचण, त्यांना खाणारे आदिजीव आणि त्यांच्यावर वाढणारे जीवाणुभक्षी विषाणू यांमुळे त्यांची संख्या काही दिवसांत घटते. तळाच्या गाळात मात्र अंधार, गारवा आणि सेंद्रिय द्रव्य मिळत असल्याने ते पुष्कळ अधिक काळ टिकतात. मुसळधार पावसानंतर काठावरची घाण वाहून येते आणि त्याच वेळी गाळही ढवळला जातो, म्हणून पहिल्या पुराचे गढूळ पाणी सर्वांत धोक्याचे असते. काही जीवाणू प्रतिकूल काळात अशा सुप्तावस्थेत जातात की जिवंत असूनही प्रयोगशाळेतील नेहमीच्या संवर्धकावर वाढत नाहीत. तेव्हा तपासणीत जंतू न आढळणे म्हणजे ते नसणे, असे दर वेळी म्हणता येत नाही.

मात्रा आणि जठराची आम्लता

तोंडावाटे शिरलेल्या जंतूला पहिला मोठा अडथळा जठररसाचा होतो. त्यातील तीव्र आम्लात बहुतेक जीवाणू मरतात, म्हणूनच प्रत्येक रोगजंतूची रोग घडवण्यास लागणारी किमान मात्रा वेगवेगळी असते. शिगेला आम्लाला दाद देत नाही. त्याच्या अवघ्या दहा ते शंभर पेशी हगवण लावण्यास पुरेशा असतात. व्हिब्रिओ कॉलेरी आम्लापुढे दुबळा असून निरोगी माणसाला आजारी पाडण्यास त्याच्या कोट्यवधी पेशी लागतात. मात्र आम्ल आधीच निष्प्रभ झालेले असेल, तर त्याहून कितीतरी कमी पेशींनी काम भागते. आम्लपित्तावर दीर्घकाळ आम्लरोधक औषधे घेणाऱ्यांना आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो, तो याच कारणाने. बांगलादेशात अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पिण्याचे पाणी गाळण्याचा उपाय अजमावला आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले होते. सुटे जीवाणू कापडातून पार होतात, पण ज्या सूक्ष्म प्राण्यांना ते झुपक्यांनी चिकटलेले असतात ते अडकतात. मात्रा घटवणे म्हणजे नेमके काय, हे या उदाहरणातून स्वच्छ कळते.

मात्रा आणि शरीर यांच्या नात्याचा मोठा धडा १८९२ साली मिळाला. जर्मनीतील हँबर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरवत होते, तर त्याला लागूनच असलेले अल्टोना त्याच नदीचे, तेही हँबर्गच्या खालच्या अंगाचे म्हणजे अधिक घाण पाणी, वाळूच्या थरांतून गाळून देत होते. त्या वर्षीच्या साथीत हँबर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे दगावली. अल्टोना पुष्कळ अंशी वाचले. पटकीला जंतू एकटा कारणीभूत नसतो असे मानणारे म्यूनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फोन पेटेनकोफर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जठरातील आम्ल सोड्याने शमवून, व्हिब्रिओचे जिवंत संवर्धन स्वतः प्यायले. त्यांना किरकोळ अतिसार झाला. त्यांचे सहकारी रुडोल्फ एमेरिख यांनीही तोच प्रयोग केला आणि ते अधिक आजारी पडले. या प्रयोगाने जंतूचे कारणत्व मुळीच खोटे ठरत नाही. एकच जंतू दोन शरीरांत दोन प्रकारे वागतो, एवढेच त्यातून दिसते. शंभर वर्षांनंतर या विषमतेची काही कारणे उलगडली आहेत. ओ रक्तगटाच्या व्यक्तींना पटकी अधिक तीव्र स्वरूपात होते, हे त्यांतील एक.

आतड्यातील संरक्षण

जठर ओलांडून आलेल्या जंतूला आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्माचा थर, तेथील पेशींनी स्रवलेली जीवाणुनाशक पेप्टाइडे आणि आधीपासून वस्ती करून असलेले सहजीवी जीवाणू यांचा सामना करावा लागतो. सहजीवी जीवाणू जागा आणि अन्न दोन्ही व्यापून ठेवतात. प्रतिजैविकांच्या वापराने ही वस्ती विसकटली की नवख्या जंतूचे फावते. याखेरीज आयजीए नावाची प्रतिपिंडे श्लेष्मात सतत मिसळत असतात आणि जंतूंना अस्तराला चिकटण्याआधीच जखडतात. प्रौढ माणसाचे शरीर दररोज काही ग्रॅम आयजीए तयार करते, जे इतर सर्व प्रकारच्या प्रतिपिंडांच्या एकत्रित निर्मितीपेक्षाही अधिक आहे. नवजात बालकाला ती आईच्या दुधातून मिळतात.

प्रत्येक रोगजंतूने या बंदोबस्तातून आपली वाट काढलेली आहे. व्हिब्रिओ कॉलेरी आतड्याच्या भिंतीत घुसतच नाही. तो पृष्ठभागावर राहून एक विष सोडतो, त्यामुळे पेशींतून क्लोराइड आणि पाणी आतड्याच्या पोकळीत वाहू लागते आणि काही तासांत शरीर कोरडे पडते. हे विष आतड्यात स्वतंत्रपणे कार्य करते, हे कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वळ्यांवरील प्रयोगांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. त्या शोधाच्या मानाने त्यांना मिळालेली मान्यता फारच तोकडी होती. साल्मोनेला टायफी याउलट भिंत ओलांडून, जंतूंना गिळून संपवणाऱ्या महाभक्षी पेशींतच बस्तान बसवतो, आपल्याभोवतीच्या व्हीआय या शर्करायुक्त आवरणाने स्वतःला संरक्षक यंत्रणेपासून दडवतो आणि काही रुग्णांच्या पित्ताशयात आजार बरा झाल्यावरही वर्षानुवर्षे राहतो. असा वाहक स्वतः ठणठणीत असतो आणि त्याच्या विष्ठेतून जंतू पुन्हा पाण्यात जात राहतात.

त्वचा, जखमा आणि श्वसनमार्ग

पाणी पिण्यात आले नाही म्हणजे धोका टळला असे नाही. लेप्टोस्पायरा तळपायाच्या भेगा, ओरखडे, फार वेळ भिजून मऊ पडलेली त्वचा आणि डोळ्यांचे अस्तर यांतून रक्तात शिरतो. पुराच्या पाण्यातून चालणारे, भातशेतीत राबणारे आणि गटारे साफ करणारे लोक त्याला अधिक बळी पडतात. त्याच्या बाह्य आवरणातील मेदशर्करा मानवी पेशींवरील नेहमीच्या संवेदकाला नीट ओळखू येत नाही, त्यामुळे धोक्याची सूचना उशिरा मिळते आणि तोवर जंतू यकृत व मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असतो. ताप साधारणपणे ५ ते १४ दिवसांनी येतो. पाण्यातून चालणे तोवर रुग्णाच्या विस्मरणात गेलेले असते आणि म्हणून डॉक्टरांनी त्याबद्दल आवर्जून विचारणे गरजेचे ठरते.

व्हिब्रिओ व्हल्निफिकस कोमट निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि जखमेतून किंवा कच्च्या कालवांतून शरीरात येतो. निरोगी शरीर रक्तातील लोह प्रथिनांत बांधून ठेवते आणि जंतूंची उपासमार करते. यकृताच्या जुनाट विकारात किंवा शरीरात लोह साठण्याच्या विकारात हे मोकळे लोह जंतूला आयते मिळते. रक्तात पसरलेल्या अशा संसर्गात निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात, तेही बहुधा दोन-तीन दिवसांत. समुद्र तापू लागल्याने, पूर्वी थंड असलेल्या बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यांवरही उष्ण उन्हाळ्यांत असे रुग्ण आढळू लागले आहेत.

लिजिओनेलाचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. गोड्या पाण्यातील अमीबा जीवाणूंना गिळून पचवतात, पण लिजिओनेला गिळला गेल्यावर पचत नाही; तो अमीबाच्या पोटातच वाढतो. पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात गेल्यावर तेथील महाभक्षी पेशी त्याला अमीबासारख्याच गिळतात आणि अमीबाविरुद्ध कमावलेले कसब तेथे जसेच्या तसे लागू पडते. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात उद्भवलेल्या न्यूमोनियाच्या साथीनंतर १९७७ मध्ये हा जीवाणू ओळखला गेला. मानवी प्रतिकारक्षमतेवर मात करण्याची क्षमता माणसाशी कधी संबंध न येताही, ओढ्या-तळ्यांतील आदिजीवांशी झुंजताना घडू शकते, ही जाणीव या संशोधनातून पक्की झाली.

संपादित प्रतिकारक्षमता आणि तिच्या मर्यादा

दूषित पाण्याची सवय झाली की शरीर काटक होते आणि मग कोणतेही पाणी बाधत नाही, हा समज फार रूढ आहे. त्यात तथ्याचा अंश आहे, तेवढाच. अतिसार घडवणाऱ्या एश्चेरिचिया कोलायमुळे परगावचे पाहुणे आजारी पडतात आणि स्थानिक प्रौढ सहसा पडत नाहीत, हे खरे. पण त्या प्रौढांची ही प्रतिकारक्षमता बालपणी वारंवार झालेल्या अतिसारांतून आलेली असते आणि त्या वयात न वाचलेली मुले या हिशोबात धरली जात नाहीत. शिवाय अशी प्रतिकारक्षमता नेमकी असते, सर्वव्यापी नव्हे. १९९२ मध्ये भारत व बांगलादेशात व्हिब्रिओ कॉलेरीचा ओ१३९ हा नवा प्रकार उद्भवला, तेव्हा जुन्या ओ१ प्रकाराला सरावलेली प्रौढ माणसेही मोठ्या संख्येने आजारी पडली. लेप्टोस्पायराचे अडीचशेहून अधिक उपप्रकार असून एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यापासून फारसे संरक्षण देत नाहीत.

घाण पाण्याच्या सततच्या संपर्काने लहान मुलांच्या आतड्यातील रसांकुर (अन्नरस शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे) खुरटतात, अस्तराला कायमची सौम्य सूज राहते, अन्नशोषण घटते आणि वाढ खुंटते. पोलिओ आणि रोटाव्हायरस यांच्या तोंडावाटे देण्याच्या लशी अशा मुलांत कमी परिणामकारक ठरतात, म्हणजे सरावाने बळकट व्हायला हवी ती यंत्रणाच दुबळी होते. बालपणी संसर्ग कमी झाले की ॲलर्जी वाढते, या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या स्वच्छतेच्या गृहीतकाचा आधार या समजाला वारंवार दिला जातो, पण तो टिकत नाही. ॲलर्जीपासून संरक्षण देतात असे आज मानले जाते ते माती-पाण्यातील निरुपद्रवी आणि आतड्यातील सहजीवी सूक्ष्मजीव. विषमज्वराचे किंवा हगवणीचे जंतू त्यांत येत नाहीत. रोगाची किंमत न मोजता नेमकी प्रतिकारक्षमता देण्याचे काम लस करते. पटकीवर तोंडावाटे देण्याच्या लशी आहेत. विषमज्वराची जुनी व्हीआय लस दोन वर्षांखालील मुलांत काम करत नसे, कारण नुसत्या शर्करेला त्या वयातील यंत्रणा पुरेसा प्रतिसाद देत नाही. ती शर्करा प्रथिनाला जोडून केलेली संयुग्मी लस सहाव्या महिन्यापासून देता येते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तिची शिफारस केली.

पाण्याची तपासणी

प्रत्येक रोगजंतू शोधणे खर्चिक व वेळखाऊ असल्याने विष्ठेचा मागमूस दाखवणारे सूचक जीवाणू मोजले जातात. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात एश्चेरिचिया कोलाय मुळीच आढळू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. पोहण्याच्या गोड्या पाण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये १०० मिलिलिटरमागे एश्चेरिचिया कोलायच्या १२६ वसाहती ही गुणोत्तर मध्याची (अनेक नमुन्यांच्या एका प्रकारच्या सरासरीची) मर्यादा शिफारस म्हणून दिली. हे सूचक पहिल्या गटासाठी उपयोगी आहेत. व्हिब्रिओ व्हल्निफिकस किंवा लिजिओनेला यांच्याबद्दल ते काहीच सांगत नाहीत, आणि प्राण्यांच्या मूत्रातून येणाऱ्या लेप्टोस्पायराबद्दलही जवळजवळ नाहीच. त्यामुळे यकृताचा विकार, मधुमेह किंवा दुबळी प्रतिकारक्षमता असणाऱ्यांनी अंगावर उघडी जखम असताना कोमट निमखाऱ्या किंवा पुराच्या पाण्यात उतरू नये, मग त्या पाण्याचा तपासणी अहवाल निर्दोष असला तरी.