टॉमकॅटचे पंख आणि व्हॅल्कीरीचे गुडघे

एफ-१४ टॉमकॅट हे खरं लढाऊ विमान आणि व्हीएफ-१ व्हॅल्कीरी हे जपानी मालिकेतलं, यंत्रमानव बनणारं विमान यांची चित्रं शेजारी शेजारी लावायची आणि खाली लिहायचं, "फरक फक्त हातापायांचा." हे इतक्यांदा वाचलंय की आता सविस्तर लिहिणं भाग आहे. पुढचा तर्कही ठरलेला असतो. टॉमकॅटचे पंख उडता उडता मागे जात होतेच, म्हणजे विमान आकार बदलू शकतं हे १९७० सालीच सिद्ध झालं. मग उभा राहणारा यंत्रमानव म्हणजे त्याच वाटेवरची पुढची दोन पावलं. माझं म्हणणं असं की ही वाटच वेगळी आहे आणि टॉमकॅट त्या वाटेला कधी गेलंच नाही.

टॉमकॅट बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. ग्रमन कंपनीचं विमान, पहिलं उड्डाण डिसेंबर १९७०, अमेरिकी नौदलातून निवृत्ती २००६. व्हीएफ-१ हे ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानी टीव्हीवर सुरू झालेल्या 'मॅक्रॉस' मालिकेतलं विमान, शोजी कावामोरी यांनी रेखाटलेलं. त्याची रूपं तीन: साधं लढाऊ विमान, पाय खाली सोडलेलं अर्धं विमान म्हणजे गर्वॉक, आणि माणसासारखं उभं राहणारं बॅट्रॉइड. दोन इंजिनं, दोन उभ्या शेपट्या, मागे जाणारे पंख, शेपटीवर कवटीचं चिन्ह ही साम्यं खरी आहेत आणि जाणूनबुजून ठेवलेली आहेत. आसनं किती, तोफ कुठली, रंग कुठला यावर वाद घालण्यात मला रस नाही.

गोंधळ होतो तो पंखांपाशी. टॉमकॅटचा पंख २० अंशांपासून ६८ अंशांपर्यंत मागे जातो. विमानवाहू नौकेवर सावकाश उतरायला पसरलेला पंख लागतो, आवाजाच्या दुप्पट वेगाने धावायला मागे ओढलेला. (७५ अंशांची जी अवस्था लोक 'लढाईचा पवित्रा' म्हणून सांगतात, ती फक्त डेकवर जागा वाचवण्यासाठी होती. हा दावा पुन्हा पुन्हा केला जातो म्हणून मुद्दाम लिहितोय.) वेगानुसार कोन ठरवण्याचं काम विमानातला संगणक आपणहून करत असे. याच्या उलट मिग-२७ मध्ये, ज्यांची आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला एचएएलने बांधणी केली, १६, ४५ आणि ७२ असे तीनच कोन होते आणि दांडा वैमानिकाला स्वतः ओढावा लागे. ही विमानं डिसेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाली.

आता या सगळ्यात हललं काय आणि हललं नाही काय, ते बघा. दोन्ही पंख ज्या पेटीला जोडलेले असतात ती पेटी विमानाच्या पोटातून आडवी जाते. टॉमकॅटमध्ये ती टायटॅनियमची होती, इलेक्ट्रॉन झोताने वेल्डिंग केलेली. २५ टनांचं विमान साडेसहा जीचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेसहापट जोराचं, वळण घेतं तेव्हा त्याला तोलायला सुमारे १६० टनांचं उत्थापन (वर उचलणारा जोर) लागतं. त्यातला काही भाग रुंद धड उचलतं. पंख जेवढा उचलतात तेवढा सगळा, ते ज्यांवर फिरतात त्या दोन खिळींमधून पेटीत येतो. दार बिजागरीवर फिरतं, पण भिंत जागची हलत नाही. ही पेटी म्हणजे ती भिंत. नाक, धड, इंजिनं, शेपूट यांपैकी काहीही जागचं हलत नाही. भार कुठून येणार आणि कुठे जाणार हा मार्ग पहिल्या दिवशी ठरतो आणि शेवटच्या उड्डाणापर्यंत तोच राहतो. म्हणून तर ग्रमनने एक पंख पुढे आणि दुसरा मागे ठेवून मुद्दाम उड्डाणं करून पाहिली आणि विमान सुखरूप उतरवलं. पंख चुकीच्या कोनात अडकला तरी ते विमानच राहतं.

एवढ्या एका खिळीची किंमत किती असते हे एफ-१११ या हलत्या पंखांच्याच अमेरिकी विमानाने दाखवलं. २२ डिसेंबर १९६९ रोजी नेवाडात एका एफ-१११ चा डावा पंख हवेत तुटून पडला आणि दोन्ही वैमानिक गेले. विमान नवंकोरं होतं, जेमतेम शंभर तास उडालेलं. पंखाच्या खिळीजवळच्या पोलादी भागात कारखान्यातच राहून गेलेला एक दोष तपासणीतून सुटला होता. यानंतर अमेरिकी हवाई दलाने विमानाच्या सांगाड्याकडे बघण्याची पद्धतच बदलली: धातूत तडा आहे असं धरूनच चालायचं आणि तो किती वेगाने वाढेल याचा हिशेब करायचा. एका बाजूला एक सांधा, आणि तोही फक्त आडवा फिरणारा, तरी ही गत.

व्हीएफ-१ मध्ये ही भिंतच उरत नाही. नाक कमरेपाशी दुमडतं, वरचा भाग पाठ बनतो, आणि इंजिनाच्या नळ्या नाकाखाली झुलून पाय होतात. विमान असताना जो भार नाकापासून शेपटीपर्यंत आडवा वाहायचा, तो बॅट्रॉइडमध्ये खांद्यांपासून घोट्यांपर्यंत उभा वाहायचा. म्हणजे प्रत्येक तुकडा दोन वेगळ्या दिशांच्या भारांसाठी बांधायचा आणि प्रत्येक सांधा विमानाचा कणाही बनवायचा. पंखाची खीळ एकाच दिशेत फिरते आणि बाकी सर्व दिशांना ताठ राहते. कमरेच्या सांध्याला एका क्षणी पूर्ण ताठ आणि दुसऱ्या क्षणी पूर्ण सैल व्हावं लागतं. हे मध्येच अडकलं तर हातात ना विमान राहतं ना यंत्रमानव.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र गुडघ्याबद्दल आहे, आणि त्याबद्दल जवळजवळ कोणीच बोलत नाही. व्हीएफ-१ मध्ये हवा मांडीच्या वरच्या टोकातून आत येते आणि मुख्य इंजिन पोटरीत आहे. म्हणजे हवेची नळी गुडघ्यातून जाते. टॉमकॅटची तीच नळी जवळजवळ सरळ होती. तिच्या आत तीन हलत्या फळ्या होत्या आणि आवाजापेक्षा वेगाने येणारी हवा शांत करून इंजिनापर्यंत पोहोचवणं हे त्यांचं काम. एवढं करूनही सुरुवातीची टीएफ-३० इंजिनं हवेचा प्रवाह जरा विस्कटला की गुदमरायची आणि त्यापायी विमानं गेली. अशा नळीच्या मधोमध बिजागरी घालणं म्हणजे त्या इंजिनाचा गळा दाबणं. मालिकेने यावर स्वतःचं उत्तर दिलंय: परग्रहावरच्या तंत्रज्ञानावर चालणारी आण्विक इंजिनं, जी हवा नसलेल्या अवकाशातही चालतात. कथेपुरतं ते पटतं. पण मग टॉमकॅटचा दाखला देऊ नका.

जागेचंही तसंच. टॉमकॅटच्या दोन इंजिनांमधली सपाट पोकळी विमानाला उचलून धरते आणि फिनिक्स क्षेपणास्त्रं तिथेच लटकायची. व्हीएफ-१ त्याच पोकळीत हात घडी करून ठेवतं. टॉमकॅट १९.१ मीटर लांब, व्हीएफ-१ अवघं १४.२३ मीटर. एफ-१६ पेक्षाही छोट्या विमानात दोन हात, दोन पाय आणि सगळ्या सांध्यांच्या मोटारी बसवल्यावर इंधनाला जागा उरेल कुठे?

खऱ्या विमानाने रूप बदलण्याच्या दिशेने एक पाऊल टाकलं की काय होतं, याचा हिशेब एफ-३५ या अमेरिकी लढाऊ विमानाच्या दोन आवृत्त्यांत मिळतो. उभं उतरता यावं म्हणून बी आवृत्तीत कॉकपिटमागे पंखा बसवला आणि मागची नळी खाली वळणारी केली. तिचं रिकामं वजन साध्या ए आवृत्तीपेक्षा टनाहून जास्त भरलं, पोटातलं इंधन दोन टनांच्या आसपास कमी झालं आणि वळणाची मर्यादा ९ जीवरून ७ जीवर आली. हलत्या पंखांनाही याच हिशेबाने मागे टाकलं. पुढच्या कडेच्या झडपा आणि संगणकावर चालणारी नियंत्रणं आली, तसा तोच फायदा कमी वजनात मिळू लागला. सुखोई-३०, राफेल, तेजस, सगळ्यांचे पंख स्थिर आहेत.

"पण व्हीएफ-१ चं खेळणं तर खरोखर बदलतं!" हा शेवटचा मुद्दा नेहमी येतो. बदलतं, आणि कावामोरींची खरी कमाल तिथेच आहे: प्रत्येक तुकड्याला दोन्ही रूपांत जागा सापडणं हे भूमितीचं अस्सल काम आहे. पण १:५५ च्या खेळण्याची लांबी ५५ पट करा. सांध्याचा काटछेद सुमारे ३ हजार पट होतो, वजन सुमारे १ लाख ६६ हजार पट. म्हणजे त्याच सांध्यावरचा ताण ५५ पट, आणि तोही नुसतं उभं राहताना.

तिन्ही रूपांत मला गर्वॉक सर्वांत आवडतं, आणि लोक त्याला 'मधलं निकामी रूप' म्हणतात तेव्हा राग येतो. पंख उघडे, धड शाबूत, फक्त इंजिनाचा जोर खाली वळलेला. हे तत्त्व अस्तित्वात आहे. गोव्यात दाबोळीहून आपल्या नौदलाची उभी उतरणारी सी हॅरियर विमानं २०१६ पर्यंत उडत होती. त्यांचं पेगासस इंजिन जागचं हलत नसे. चार तोंडं तेवढी खाली वळत. एफ-३५ बी मध्येही वळणारा भाग इंजिनाच्या मागे आहे, जिथे हवेने आपलं काम केलेलं असतं. व्हॅल्कीरीच्या पायातला कोणता सांधा प्रत्यक्षात आणता येईल असं कुणी विचारलं, तर घोट्याकडे बोट दाखवा, गुडघ्याकडे नाही.