आधी हाताला उमगले, मग कागदावर आले

जानेवारी 1687 मध्ये एडिंबरात थॉमस किनकेड नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने गोल्फचा चेंडू कसा मारावा याची टिपणे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. उभे राहायचे ते तलवारबाजीच्या पवित्र्यात, गुडघे किंचित वाकवून. चेंडू छातीसमोर, जरासा डाव्या पायाकडे. आणि पाय, पाठ, हात यांचे स्नायू फटका खाली येईपर्यंत ताठ आवळलेले, जराही सैल सोडायचे नाहीत. गोल्फ कसे खेळावे याबद्दलचा ज्ञात असलेला सर्वांत जुना लेखी सल्ला तो हाच. चेंडूच्या जागेबद्दलचे त्याचे म्हणणे आजही चालून जाईल. स्नायू आवळण्याचे मात्र आजचा प्रशिक्षक पहिल्याच दिवशी मोडून काढेल. तीन शतकांहून अधिक काळ या खेळातला सल्ला असाच आला आहे: अर्धा खरा, अर्धा ऐकीव, आणि सांगणाऱ्याला दोन्हींची सारखीच खात्री.

शिकवणाऱ्यांच्या आधी अवजारांनी शिकवले. 1848 च्या सुमारास पिसे कोंबलेल्या चामडी चेंडूच्या जागी गटापर्चाचा (झाडाच्या रबरासारख्या चिकाचा) चेंडू आला, तेव्हा नव्या गुळगुळीत चेंडूपेक्षा ओरखडे पडलेला चेंडू अधिक चांगला उडतो, हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आले. का, ते कोणालाच सांगता येईना. तरी लोक हातोडीने नव्या चेंडूवर मुद्दाम खाचा पाडू लागले. 1890 च्या दशकात एडिंबरातले भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांनी उलटी फिरकी चेंडूला हवेत उचलून धरते हे गणिताने मांडले, तोवर खेळाडू हे जवळपास अर्धे शतक वापरत होते. टेट यांचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1898 मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर या हौशी खेळाडूंच्या स्पर्धेचा विजेता होता. घरात शास्त्र आणि खेळ असे एकत्र नांदणे विरळाच.

स्विंगचेही, म्हणजे क्लब (चेंडू मारायची काठी) फिरवण्याच्या पद्धतीचेही तसेच. हिकरी लाकडाची दांडी फटक्यात पिळवटते, म्हणून त्या काळचा स्विंग लांबलचक, अंगाभोवती फिरणारा आणि मनगटांच्या वेळेवर बेतलेला असे. हॅरी व्हार्डनने सहा वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकल्यावर उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर टेकवणारी पकड त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. ती त्याच्या आधीही काही जण वापरत होते, पण विजेत्याचे नाव चिकटते. अमेरिकेत 1924 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1929 मध्ये पोलादी दांडीला परवानगी मिळाली, आणि मनगटांची ती सगळी कसरत अनावश्यक ठरली. पाय आणि कंबर वापरून पोलाद कसे चालवायचे, हे ज्यांना आधी जमले त्यांत बायरन नेल्सन अग्रभागी. 1945 मध्ये तो सलग 11 स्पर्धा जिंकला.

नेल्सनबरोबर टेक्सासमधल्या एकाच गोल्फ मैदानावर कॅडी (खेळाडूंची अवजारे वाहणारा मुलगा) म्हणून वाढलेला बेन होगन मात्र वर्षानुवर्षे धडपडत होता. त्याचा चेंडू डावीकडे जोरात वळायचा. सामन्याआधी चार चेंडू मारून हात मोकळे करायचे, एवढाच सरावाचा अर्थ असलेल्या काळात तो तासन्‌तास सराव करीत बसे. पकड बदलून त्याने तो दोष आटोक्यात आणला. पहिले मेजर (सर्वांत मोठ्या चार स्पर्धांपैकी एकीचे) विजेतेपद मिळाले 1946 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी. सराव म्हणजे कमी गुणवत्तेची कबुली नव्हे, हे पटवण्याचे श्रेय मी कोणत्याही पुस्तकापेक्षा होगनला देईन.

पण किती चेंडू मारले, हा प्रश्न पुढे अपुरा ठरला. 1979 मध्ये शिया आणि मॉर्गन यांनी केलेल्या प्रयोगात एकच हालचाल गिरवणारे सरावाच्या वेळी सरस दिसले. पुढे कस लागला तेव्हा मात्र हालचाली उलटसुलट क्रमाने करणाऱ्यांना जास्त लक्षात राहिल्याचे आढळले. तो प्रयोग गोल्फचा नव्हता. तरीही एकाच क्लबने एकाच खुणेवर शंभर चेंडू मारणाऱ्याला त्यातून आपले चित्र दिसावे.

सगळ्यात मोठी फसगत चेंडूच्या दिशेबाबत झाली. कित्येक दशके शिकवले जाई की चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो आणि शेवटी क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग) जिकडे पाहत असेल तिकडे वळतो. हे ऐकून झाडाला वळसा घालणारा फटका मारायला जावे, तर चेंडू थेट खोडावर. 1968 मध्ये ब्रिटनमधल्या एका वैज्ञानिक अभ्यासाने क्लब आणि चेंडूचा संपर्क साधारण अर्धा मिलिसेकंद टिकतो हे दाखवले आणि सुरुवातीची दिशा मुख्यतः क्लबफेस ठरवतो, हेही त्यात होते. कोणी फारसे मनावर घेतले नाही. 2003 मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीच्या रडारने प्रत्येक फटक्याचे आकडे समोर मांडायला सुरुवात केल्यावर सरावाच्या मैदानावरचा वाद मिटला. क्लबफेसचा वाटा सुमारे 75 ते 85 टक्के निघाला. गंमत म्हणजे चांगले खेळाडू तो वळसा पूर्वीपासून बरोबर घालत होते, फक्त सांगत चुकीचे होते.

आकड्यांनी आणखी एक समज हलवला. मार्क ब्रॉडी या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकाची ‘स्ट्रोक्स गेन्ड’ पद्धत, म्हणजे प्रत्येक फटक्याने इतरांच्या सरासरीपेक्षा किती फायदा झाला याचा हिशेब, पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेने 2011 मध्ये पटिंगसाठी (भोकाजवळच्या हिरवळीवर चेंडू घरंगळत भोकात घालण्यासाठी) स्वीकारली. पैसा पटिंगवर मिळतो ही जुनी म्हण त्यात टिकली नाही. अव्वल खेळाडूंच्या सरशीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग भोकापासून 100 यार्डांबाहेरच्या फटक्यांतून येतो.

मनाचा भाग सर्वांत उशिरा अभ्यासाला आला, जरी छोट्या पटवर (पटिंगच्या फटक्यावर) हात थरथरण्याला टॉमी आर्मर या खेळाडूने ‘यिप्स’ हे नाव कधीच देऊन ठेवले होते. जॅक निकलॉस प्रत्येक फटक्याआधी तो मनात चित्रपटासारखा पाहून घेई. 1992 मध्ये संशोधक जोन विकर्स यांनी पट मारतानाची नजर मोजली. कमी हँडिकॅपवाल्यांची, म्हणजे चांगल्या खेळाडूंची, नजर चेंडूवर अधिक वेळ स्थिर, इतरांची भिरभिरती. 1999 मध्ये गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवख्यांना पिच (जवळच्या अंतराचे, उंच उडणारे) फटके मारायला लावले. हातांकडे लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा क्लबच्या झोक्याकडे लक्ष ठेवणारे जास्त अचूक ठरले. शिकवणी मात्र बहुतेक वेळा हातांबद्दलच बोलते.

विजेत्यांचा सल्ला इतका दगा का देतो, याचे मला पटणारे उत्तर 2001 च्या बायलॉक आणि कार यांच्या प्रयोगात आहे. पट कसा मारावा, हे अनुभवी गोल्फपटूंनी नवख्यांपेक्षा सविस्तर सांगितले. नुकताच मारलेला एक पट कसा मारला, हे विचारल्यावर मात्र त्यांना कमी आठवले, कारण सरावलेला हात आपोआप चालतो. मग त्यांच्या हाती मुद्दाम वेडावाकडा बनवलेला पटर दिला, तेव्हा त्यांनाही आठवू लागले.