ग्रेट लेक (टास्मानिया) : नावेतून ट्राउटचे फ्लाय फिशिंग

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातील ग्रेट लेक या डोंगरी सरोवरावर, वाऱ्याबरोबर वाहत्या सोडलेल्या नावेतून कृत्रिम कीटकाच्या आमिषाने ट्राउट मासा पकडण्याची पद्धत. हे सरोवर बेटाच्या मध्य पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० मी. उंचीवर आहे. भोवती उघडे खडक, खुरटी झुडपे आणि निलगिरीच्या कुळातली झाडे आहेत. झाडांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण इथल्या उन्हाळी मासेमारीचे गणित त्यांच्या पानांवरच्या भुंगेऱ्यांपासून सुरू होते.

कोकणात गरवायला बसणारा गरीला कोळंबी लावतो आणि तंगूस लांब जावी म्हणून शिसे बांधतो. शिसे पुढे जाते, तंगूस त्यामागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटे असते. ‘फ्लाय’ म्हणजे बारीक गळावर पीस, केस आणि धागा गुंडाळून बांधलेला खोटा किडा. त्याला वजन जवळपास नसतेच, म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते. साधारण तीन मीटर लांबीच्या लवचिक काठीने ती दोरी डोक्यावरून मागे भिरकावायची, पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे सोडायची. दोरीच्या टोकाला पारदर्शक तंगूस आणि तंगुशीच्या टोकाला फ्लाय. ती पाण्यावर खरा किडा पडावा तशी पडली पाहिजे.

ग्रेट लेकवर भुंगेऱ्यांच्या दिवसांत वापरली जाणारी ‘रेड टॅग’ ही जुनी इंग्लिश फ्लाय जवळून पाहण्यासारखी आहे. तिचे अंग मोरपिसाच्या तंतूंचे असते, शेपटीला लाल लोकरीचा आखूड झुपका असतो आणि मानेभोवती कोंबड्याचे तांबूस पीस. मोरपिसाची हिरवट-सोनेरी झाक भुंगेऱ्याच्या पाठीच्या चकाकीला फार जवळची आहे.

ट्राउट मूळचा टास्मानियाचा नाही. १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ या जहाजातून इंग्लंडहून माशांची अंडी ओल्या शेवाळात ठेवून, बर्फाच्या सोबतीने मेलबर्नला आणि तिथून टास्मानियात आणली गेली. प्लेंटी नदीकाठच्या ‘सॅल्मन पॉन्ड्स’ या केंद्रात ती उबवली. बेत होता सॅल्मन वसवण्याचा. ट्राउटची थोडी अंडी केवळ जोडीला होती. सॅल्मन समुद्रात गेले ते परतले नाहीत, ट्राउट मात्र रुजले. १८७० मध्ये ते ग्रेट लेकमध्ये सोडण्यात आले. न्यूझीलंडलाही पहिले तपकिरी ट्राउट टास्मानियातूनच गेले. काश्मीरमधल्या ट्राउटची गोष्ट वेगळी : तिथली अंडी १९०० मध्ये थेट स्कॉटलंडहून आली, आणि त्याआधीच्या वर्षीची खेप वाया गेली होती. ग्रेट लेकमध्ये आज तपकिरीबरोबर इंद्रधनुषी ट्राउटही आहेत.

नावेतल्या मासेमारीचा कर्ता-करविता वारा असतो. इंजिन बंद करून नाव वाऱ्याला आडवी सोडतात. ती फार वेगाने वाहू नये म्हणून ‘ड्रोग’ नावाची कापडी छत्री पाण्यात सोडून मागे बांधतात. दोघे जण वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे नाव जिकडे चालली आहे तिकडे तोंड करून फ्लाय टाकतात.

या सरोवराची खरी ओळख मात्र ‘शार्क फिशिंग’. नाव असे असले तरी शार्कचा त्यात काही संबंध नाही; लाटेत ट्राउट आधी डोळ्यांनी हेरायचा आणि मग त्याच्यापुढे फ्लाय टाकायची, ती ही पद्धत. निरभ्र आकाश, कडक ऊन आणि उत्तरेचा वारा असा दिवस त्यासाठी लागतो. उत्तरेचाच का, याचे उत्तर भूगोलात आहे. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. उत्तरेचा वारा नाव दक्षिणेकडे ढकलतो, म्हणून पुढे पाहणाऱ्याच्या पाठीवर ऊन पडते आणि पाण्यावरची चमक डोळ्यांत येत नाही. त्याच उबदार वाऱ्याने झाडांवरचे भुंगेरे उडून भर सरोवरात पडतात आणि ते टिपायला ट्राउट पृष्ठभागाशी येतात. लाट उचलली गेली की तिचा आपल्याकडचा उतार खिडकीच्या काचेसारखा उजळतो आणि त्यात क्षणभर अख्खा मासा दिसतो. चमक तोडणारा पोलराइज्ड चष्मा त्यासाठी हवाच. दिसलेल्या माशाच्या पुढे दोनेक मीटरवर फ्लाय टाकायची, तीही तो दिसेनासा होण्याआधी. पांढरे तोंड उघडते, फ्लाय आत जाते आणि नेमकी तेव्हाच घाई घात करते. माशाने डोके खाली वळवेपर्यंत थांबावे लागते. इतर अनेक पाण्यांवर अंदाजाने गळ टाकत राहतात. इथे एकेक मासा आधी शोधावा लागतो, आणि ही पद्धत मला गळाच्या साऱ्या प्रकारांत श्रेष्ठ वाटते ती त्यामुळेच.

पहाटेची तऱ्हा निराळी. पाण्यावर वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब गुळगुळीत पट्टे पडतात, त्यांत चिलटांसारखे कीटक अडकतात आणि ट्राउट ते टिपत वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरकतात.

पठारावर हवा झपाट्याने बदलते. भर उन्हाळ्यातही बर्फ पडू शकते, आणि इतक्या थंड पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय लवकर निकामी होतात. जीवरक्षक जाकीट अंगात घातलेलेच हवे. नुसते नावेत ठेवून उपयोग नाही. मासेमारीला सरकारी परवाना लागतो आणि या सरोवरात केवळ कृत्रिम आमिष चालते. पाण्याची पातळीही स्थिर नसते. वाडामाना वीजकेंद्र १९१६ मध्ये सुरू झाले तेव्हापासून सरोवराचे पाणी वीजनिर्मितीला जाते, म्हणून कोरड्या वर्षी काठ बराच आत सरकतो.

दक्षिण गोलार्धातल्या शरद ऋतूत, एप्रिल-मेच्या सुमारास तपकिरी ट्राउट अंडी घालायला लायवीनी कालव्यात चढतात. काठावर उभे राहिले तर उथळ पाण्यात त्यांच्या पाठी एकीला एक लागलेल्या दिसतात. याच माशांची अंडी काढून इतर सरोवरांसाठी पिल्ले वाढवतात. या भरभराटीची किंमत पठारावरच्या मूळ माशांनी मोजली आहे. गॅलॅक्सिअस कुळातले इथले छोटे, खवलेरहित मासे ट्राउटचे भक्ष्य ठरले आणि त्यांच्या काही जाती आज ट्राउट पोचले नाहीत अशाच पाण्यांत तग धरून आहेत. सरोवराच्या तळाशी वाढणाऱ्या पाणवनस्पतींत मात्र पॅरानॅस्पिडीस हा कोळंबीसारखा, अतिप्राचीन वंशाचा जीव अजून सापडतो.