अंतर्लसीका कोशातील गाठींचे प्रतिमांकन

आंतरकर्णातील अंतर्लसीका या द्रवाची एक बारीक नळी कानाच्या हाडातून मागे जाते आणि मेंदूच्या आवरणाला चिकटलेल्या चपट्या पिशवीत संपते. हा अंतर्लसीका कोश. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या तोंडी ‘एंडोलिम्फॅटिक सॅक’. त्याच्या अस्तरातून क्वचित गाठ होते. ती वाढते सावकाश, दूरच्या अवयवांत सहसा पसरत नाही, पण शेजारचे हाड खात सुटते. १९८९ मध्ये विकृतिशास्त्रज्ञ हेफनर यांनी अशा २० रुग्णांचा अभ्यास मांडला, तेव्हा तिला स्वतंत्र ओळख मिळाली.

एरवी अतिदुर्मिळ असलेली ही गाठ फॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकारात मात्र बरीच आढळते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२१ रुग्णांपैकी १३ जणांच्या एमआरआयमध्ये ती दिसली. तिसऱ्या गुणसूत्रावरील जनुकाच्या बिघाडामुळे या विकारात डोळा, लहान मेंदू, मेरुरज्जू आणि मूत्रपिंड यांत गाठी होतात. कानातली गाठ कधी दोन्ही बाजूंना असते, आणि दोन्हीकडे असली तर हा विकार आहे असेच धरून चालावे.

प्रतिमांकनात सीटी आणि एमआरआय दोन्ही लागतात. एकाने भागत नाही. सीटीवर आंतरकर्णामागचे हाड कसर लागलेल्या लोकरीसारखे कुरतडलेले दिसते, गाठीत हाडाचे बारीक काटे उरलेले असतात आणि मागच्या कडेला कॅल्शियमची पातळ रेघ असते. एमआरआयवर टी-१ या प्रकारच्या प्रतिमेत, गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचे, गाठ उजळवणारे औषध देण्यापूर्वीच, गाठीत पांढरे ठिपके चमकतात. ते जुन्या रक्ताचे असतात. म्हणूनच इंजेक्शनाआधीची टी-१ प्रतिमा कधीही वगळू नये. नाहीतर रक्ताची चमक कोणती आणि औषधाची कोणती, हे कळायला मार्ग उरत नाही. सुमारे २ सेंमी.पेक्षा मोठ्या गाठीत रक्तवाहिन्यांच्या काळ्या रेषाही उमटतात.

गल्लत मुख्यतः ग्लोमस या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीशी होते. तिचा उगम मानेच्या शिरेच्या छिद्रापाशी, म्हणजे खालच्या बाजूला असतो. कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा, म्हणजे जुन्या रक्तस्रावाभोवती झालेली दाहाची गाठ, हाही टी-१ वर चमकतो, पण त्याचा गाभा गॅडोलिनियमने उजळत नाही. फॉन हिप्पेल-लिंडाऊ विकारात मूत्रपिंडाचा कर्करोगही होत असल्याने तो हाडात पसरला आहे का, ही शंकाही फेडून घ्यावी लागते.

गाठीचा आकार आणि बहिरेपणा यांचा मेळ बसतोच असे नाही, हे या गाठीचे खरे दुखणे. काही मिलिमीटरच्या गाठीतून आंतरकर्णात रक्तस्राव झाला, तर रात्री ऐकू येणारा कान सकाळी बंद झालेला असतो. कधी द्रवाचा निचरा अडून चक्कर आणि कानात गुणगुण सुरू होते आणि रोगी मेनिएर या आंतरकर्णाच्या विकाराचा म्हणून उपचार घेत राहतो. त्यामुळे प्रतिमा वाचताना गाठीवरच नजर खिळवून चालत नाही. ऐकण्याची शंखनलिका आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकृती नलिकांमध्ये टी-१ किंवा फ्लेअर (साध्या द्रवाची चमक दाबणाऱ्या) प्रतिमेत अकारण पांढरेपणा आहे का, हेही पाहावे लागते. गाठ दिसण्याआधी कधी एवढीच खूण हाती असते.

फॉन हिप्पेल-लिंडाऊ विकार असलेल्या कुटुंबांतील मुलांची श्रवणचाचणी साधारण ११व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी करतात आणि तक्रार उद्भवताच पातळ छेदांचा एमआरआय काढतात. गाठ लहान असताना शस्त्रक्रियेने पूर्ण काढली, तर उरलेले श्रवण बहुधा टिकते. गेलेले सहसा परत येत नाही.