वाटेवरचा क्रूस

वाटेवरचा क्रूस : गावाच्या वेशीवर, वाडीच्या तोंडाशी, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर उभारलेला दगडी वा लाकडी क्रूस आणि त्याच्यापुढे चालणारी वस्तीची प्रार्थना. मुंबईतली जुनी गावठाणे, साष्टी, वसई आणि गोवा या पट्ट्यातील कॅथलिक वस्त्यांत असे क्रूस जागोजागी दिसतात. गोव्यात त्याला खुरीस म्हणतात. चर्चमधली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, फादर अर्पण करतात, तिचे वार आणि वेळा ठरलेल्या असतात. क्रूसापुढची प्रार्थना वाडीची असते. काल कोण वारले, उद्या कुणाचे ऑपरेशन आहे, पाऊस किती लांबला, हे सगळे तिच्यात येते. म्हणून इथे क्रूसाच्या घडणीपेक्षा त्याच्यापुढे काय मागितले जाते, याला जास्त जागा दिली आहे.

क्रूस उभारण्याची चाल पोर्तुगीज अमदानीत या किनाऱ्यावर रुजली. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. सत्ता गेली तरी इथले ख्रिस्ती इथेच राहिले, कारण ते इथलेच होते : शेतकरी, बागायतदार, कोळी, कारागीर. बोली मराठीच्याच राहिल्या. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाची कादोडी आणि मुंबईच्या मूळच्या कॅथलिकांची, म्हणजे ईस्ट इंडियन समाजाची, मराठी आजही घराघरांत ऐकू येते. (ईस्ट इंडियन हे नाव मात्र १८८७ चे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने घेतलेले.) श्रद्धा टिकली ती चर्चमध्ये आणि तितकीच ओट्यावर, माजघरात आणि वाडीतल्या क्रूसापाशी.

जुन्या दगडी क्रूसांवर येशूच्या दुःखसहनाच्या खुणा कोरलेल्या असतात : खिळे, हातोडा, सांडशी, शिडी, भाला, काट्यांचा मुकुट, ‘येशूला मी ओळखत नाही’ म्हणणाऱ्या पेत्र या शिष्याची आठवण देणारा कोंबडा आणि शिपायांनी येशूच्या झग्यासाठी टाकलेले फासे. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारातला सुमारे १७ फूट उंचीचा, एकाच दगडातून घडवलेला क्रूस या कोरीवकामासाठी पाहण्यासारखा आहे. या खुणा नीट पाहिल्या तर त्यात सुताराच्या पेटीतली आणि घरातली हत्यारे आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही त्या ओळखता येत, आणि त्याच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंनीच त्याला शुभवर्तमान सांगितले जाई. वाडीतले क्रूस याहून साधे असतात. चुन्याने किंवा ऑइलपेंटने रंगवलेला चौथरा, पुढे मेणबत्तीपुरता कोनाडा, वर पुरुषभर उंचीचा क्रूस आणि चौथऱ्यावर कोरलेले उभारणीचे साल. चर्चगेटजवळच्या क्रॉस मैदानाला तिथल्या जुन्या क्रूसानेच नाव दिले.

त्या कोरलेल्या सालांमागे मुंबईच्या इतिहासातले एक भयंकर पर्व उभे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. घरांची झडती, सामानाची जाळपोळ, रुग्णांना जबरदस्तीने हलवणे हे सगळे पुढच्या महिन्यांत आले आणि १८९७ मध्ये साथरोगांचा कायदाही झाला. या काळात वांद्र्यापासून गिरगावापर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांनी क्रूस उभारले : काहींनी साथ वेशीवर थांबावी म्हणून, काहींनी घर वाचले म्हणून. गिरगावच्या खोताच्या वाडीतले लहानसे प्रार्थनास्थळ १८९९ चे, वाडी प्लेगमधून वाचल्याबद्दल आभार मानण्यासाठी बांधलेले. लोक आजही अशा क्रूसांना ‘प्लेगचा क्रूस’ म्हणतात. मोकळ्या हवेत, घरापासून चार पावलांवर आणि फादर पोहोचू शकले नाहीत तरी जमता येईल अशी जागा ही त्या दिवसांची निकड होती. त्या वेळच्या माणसाला सरकारी हुकूम कळत नव्हते, रोगाचे कारण कळत नव्हते, पण क्रूसावरचा माणूसही विव्हळला होता हे त्याला कळत होते. या क्रूसांचे खरे मोल इथे आहे, असे मला वाटते.

क्रूसाचा सण बहुधा मे महिन्यात येतो. याचे एक कारण धार्मिक आहे : ३ मे हा पूर्वी पवित्र क्रूस सापडल्याचा सण होता. रोमच्या सर्वसाधारण पंचांगातून तो १९६० मध्ये वगळला गेला आणि आता क्रूसाचा मुख्य सण १४ सप्टेंबरला असतो. तरी वाड्यांनी मे सोडला नाही. मे हा येशूच्या आईचा, मारियेचा महिना, मुलांना सुट्टी असते, मुंबईला गेलेली माणसे गावी आलेली असतात आणि पावसाआधीची कोरडी संध्याकाळ अंगणात बसायला मोकळी असते.

त्या संध्याकाळी दुपारपासूनच कुणी चौथरा धुऊन काढते, कुणी पताका बांधते. क्रूसाला झेंडूचा हार चढतो, मधोमध मोगऱ्याचा गजरा. प्लास्टिकच्या खुर्च्या म्हाताऱ्यांसाठी, बाकीचे चटईवर. वाडीतली एखादी आजी जपमाळ हातात घेऊन सुरुवात करते. ‘नमो मारिया’चा अर्धा भाग ती म्हणते, उरलेला अर्धा सगळी वाडी : ‘आता व आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर.’ एका दशकात ही प्रार्थना दहा वेळा, अशी पाच दशके. वाऱ्याने मेणबत्ती विझते, शेजारचा मुलगा ती दुसऱ्या मेणबत्तीवर पेटवून पुन्हा कोनाड्यात ठेवतो, म्हणणे थांबत नाही. मग लितनी, म्हणजे एकाने म्हणायची आणि सगळ्यांनी उत्तर द्यायची विनंत्यांची माळ, गायली जाते. गोव्यात हीच लादाइन, तिला बहुतेकदा व्हायोलिनची साथ असते. शेवटी उकडलेले चणे वाटले जातात, ते घ्यायला क्रूसापाशी जमलेली हिंदू शेजाऱ्यांची मुलेही असतात. हार चढवणाऱ्यांत आणि मेणबत्ती लावणाऱ्यांतही शेजारी असतातच.

या सगळ्यात विश्वासाचा गाभा दशकांच्या मधल्या थांब्यांत आहे. प्रत्येक दशकाआधी कुणीतरी हेतू सांगते, म्हणजे हे दशक कशासाठी म्हणायचे ते. ‘दहावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी.’ ‘दुबईत नोकरी गेलेल्या आपल्या माणसांसाठी.’ ‘समुद्रावर असलेल्या बोटींसाठी.’ ‘जिथे लढाई चालू आहे तिथल्या आयांसाठी.’ सकाळी वर्तमानपत्रात किंवा टीव्हीवर पाहिलेली बातमी संध्याकाळी इथे येते आणि तिच्यामागून दहा वेळा ‘नमो मारिया’ म्हटले जाते. दहा वेळा म्हणेपर्यंत त्या बातमीशेजारी बसावे लागते. पुढच्या बातमीकडे सरकता येत नाही. क्रूसापुढे बसायला शिकलेल्या माणसाला दूरच्या संकटाकडे केवळ बघून जाणे अवघड होते, कारण त्या संकटातल्या कुणासाठी तरी त्याने आपल्या तोंडाने मागितलेले असते.

चर्चच्या उपासनेतही याला स्थान आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) मिस्सेतील ‘विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थना’ पुन्हा सुरू केल्या. ख्रिस्तसभेसाठी, राज्यकर्त्यांसाठी व जगासाठी, दुःखितांसाठी आणि स्थानिक समुदायासाठी, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम. मिस्सा मराठीत होऊ लागली तीही याच परिषदेनंतर. वाडी मात्र क्रूसापुढे तिच्या बोलीत कितीतरी आधीपासून मागत होती.

शेती-मासेमारीच्या वर्षालाही या प्रार्थनेचा हात लागलेला आहे. ईस्ट इंडियन समाजाचा ‘आगेरा’ हा नव्या भाताचा सण ऑक्टोबरमध्ये येतो. पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात आणि आशीर्वादित करून घेतात. गावठाणांभोवतीची शेते इमारतींखाली गेली, तरी लोंब्या दुसरीकडून आणून आगेरा होतोच. किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळीवाड्यांत पावसाळ्यानंतर बोटी समुद्रात लोटण्याआधी त्यांना आशीर्वाद दिला जातो.

प्रॉटेस्टंट मराठी मंडळींत वाटेवरचा क्रूस जवळजवळ नाही. प्रतिमेपुढे गुडघे टेकणे त्यांच्या परंपरेत बसत नाही. त्यांच्याकडे रोजच्या आयुष्यातली प्रार्थना घरगुती उपासनेतून आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रुजवलेल्या भजन-कीर्तनातून वाहते. हाही तितकाच समृद्ध प्रवाह आहे. कॅथलिक परंपरेच्या बाजूने एवढेच सांगायला हवे की दगडाची पूजा तिलाही मान्य नाही. क्रूसाला केलेले वंदन क्रूसावर मेलेल्याला पोहोचते, अशी तिची शिकवण आहे.

१८९६ चे दिवस एकशेचोवीस वर्षांनी परत आले. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे चर्च बंद झाली. १० एप्रिलचा गुड फ्रायडे आणि १२ एप्रिलचा ईस्टर लोकांनी घरात, मोबाइलच्या पडद्यासमोर पाळला. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोमच्या सेंट पीटर चौकात पावसात जवळजवळ एकटे उभे राहून प्रार्थना करत होते. तिथे आणलेला लाकडी क्रूस रोममधील सान मार्चेल्लो चर्चचा होता, १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून मिरवत नेलेला. ज्यांच्या दाराशी प्लेगचा क्रूस आहे अशा वसई-वांद्र्याच्या माणसांना त्या दृश्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. चर्चच्या दाराला कुलूप होते त्या महिन्यांत वाडीच्या क्रूसाला दारच नव्हते. येता-जाता, मास्क लावून, एकेकट्याने तिथे थांबता येत होते.

रस्ते रुंद होऊ लागले तसा या क्रूसांच्या जागेचा प्रश्न आला. सार्वजनिक रस्त्यांवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आदेश दिले : नवी बांधकामे होऊ द्यायची नाहीत आणि जुन्यांचा विचार प्रकरणागणिक करायचा. अनेक क्रूस आजच्या रस्त्यांहून जुने आहेत. कधीकाळी ते पायवाटेच्या कडेला, खाजगी वाडीत होते, रस्ता नंतर त्यांच्यापर्यंत आला. हे दाखवून देण्याची जबाबदारी वाडीवरच पडते. मग जुने फोटो, सातबाऱ्याचे उतारे, म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि चौथऱ्यावरचे साल गोळा केले जाते. दर मे महिन्यात नवा रंग चढल्याने ते साल बहुतेक ठिकाणी बुजलेले असते. ते वाचण्यासाठी रंगाचे थर एकेक करून खरवडावे लागतात.