वाटणी वेगळी, पाळी वेगळी: सिंधू करार आणि गंगा करार

पुरंदर तालुक्यातली आमच्या घरची जमीन वाटली गेली तेव्हा रानात बांध पडला, विहीर मात्र सामाईक राहिली. सातबाऱ्यावर आठ आणे आमचे, आठ आणे चुलत्यांचे. रानापायी त्यानंतर कुणाला कुणाशी बोलावं लागलं नाही. विहिरीपायी आजही बोलावं लागतं. मोटार कुणी कधी चालू करायची, चैत्रात पाणी तळाला गेलं की पाळी किती तासांची, हे दर उन्हाळ्यात नव्याने ठरतं.

भारताचे शेजाऱ्यांशी असलेले दोन मोठे पाणी करार असेच आहेत. पाकिस्तानशी झालेला सिंधू करार ही वाटणी, तर बांगलादेशाशी झालेला गंगा करार ही पाळी. एप्रिल 2025 पासून पुण्यात मी कितीदा तरी ऐकलं, ‘एकाचं पाणी तोडलं, आता दुसऱ्याचंही तोडा.’ बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही करार एकच असतात. म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी वाटणी. फाळणीत पंजाबचे कालवे मध्येच कापले गेले. पाणी वळवण्याची ठिकाणं भारतात राहिली आणि त्या पाण्यावर भिजणारी शेतं पाकिस्तानात गेली. 1 एप्रिल 1948 रोजी पूर्व पंजाबने काही कालव्यांचं पाणी थांबवलं, आणि पाकिस्तानच्या मनात जी भीती बसली ती अजून गेलेली नाही. सगळं खोरं दोघांनी मिळून चालवावं, अशी सूचना अमेरिकेच्या डेव्हिड लिलिएंथाल यांनी 1951 मध्ये केली होती. ते जमणार नाही हे लवकरच दिसलं. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने बरीच वर्षं वाटाघाटी चालल्या आणि 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या त्या नद्याच वाटून घेणाऱ्या करारावर. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला. पूर्वेच्या नद्यांवरचे आपले कालवे पाकिस्तानला पश्चिमेच्या नद्यांवरून भरून घ्यावे लागणार होते. त्या कामासाठी भारताने सुमारे 6 कोटी 20 लाख पौंड दिले. घर वाटताना एकाने दुसऱ्याला वर पैसे द्यावेत, तसंच हे.

या करारात मुदत नाही. दोन्ही बाजूंचा एकेक आयुक्त, वर्षातून किमान एक बैठक, दर महिन्याला आकड्यांची देवाणघेवाण, एवढाच संबंध. पश्चिमेच्या नद्यांवर भारताला वाहत्या पाण्यावर वीज करता येते, मर्यादित शेती भिजवता येते आणि 3.6 दशलक्ष एकर-फूट, म्हणजे साधारण 157 टीएमसी (अब्ज घनफूट), पाणी साठवता येतं. 1965 आणि 1971 ची युद्धं झाली, कारगिल झालं, तरी करार टिकला. लोक याला सहकार्याचा आदर्श म्हणतात. माझ्या मते तो टिकला, कारण सहकार्याची गरजच त्याने कमीत कमी ठेवली होती. कलम 7 चं नाव ‘भावी सहकार्य’ असं आहे खरं, पण त्याचा फारसा उपयोग कुणी केला नाही.

आता ‘पाणी तोडलं’ म्हणजे काय? पहलगामच्या हल्ल्यानंतर 23 एप्रिल 2025 रोजी भारताने करार स्थगित केला. पण स्थगितीने नदी अडत नाही, ती धरणाने अडते. पश्चिमेच्या तीन नद्यांचं वर्षाचं पाणी सुमारे 135 दशलक्ष एकर-फूट धरलं जातं. आपल्या हिशोबात ते पावणेसहा हजार टीएमसींच्या वर जातं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठा सुमारे 29 टीएमसी. त्या तीन नद्यांच्या वर्षभराच्या पाण्यात ही चारही धरणं दोनशे वेळा भरतील. कराराने जो 157 टीएमसी साठा करू दिला होता, तोही भारताने अजून पुरा उभारलेला नाही.

गंगेचं गणित वेगळं, कारण तिथे वाटायला दुसरी नदीच नाही. गंगेचा फाटा असलेल्या हुगळीतला गाळ धुतला जावा आणि कोलकाता बंदर वाचावं म्हणून भारताने पश्चिम बंगालमध्ये फरक्का बराज बांधलं. ते 1975 मध्ये सुरू झालं. तिथून 40,000 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी कालव्याने हुगळीकडे वळवता येतं. पावसाळ्यात पाणी दोघांनाही नकोसं होतं, भांडण उन्हाळ्यातलं. 1976 च्या मे महिन्यात तिथले ज्येष्ठ नेते मौलाना भाशानी यांनी बांगलादेशात फरक्क्याविरुद्ध मोठा मोर्चा काढला. 1977 चा करार पाच वर्षांपुरताच होता. अखेर 12 डिसेंबर 1996 रोजी दिल्लीत देवेगौडा आणि शेख हसीना यांनी 30 वर्षांचा करार केला. कालव्याचं आवर्तन ज्याने पाहिलंय त्याला तो लगेच कळेल.

1 जानेवारी ते 31 मे या काळाच्या दहा-दहा दिवसांच्या पाळ्या केल्या आहेत. फरक्क्याला 70,000 क्युसेकपर्यंत पाणी असेल तर निम्मं-निम्मं. 70 ते 75 हजारांच्या दरम्यान बांगलादेशाला 35,000, उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला 40,000, बाकी बांगलादेशाला. खरी कसोटी 11 मार्च ते 10 मे या दोन महिन्यांची. तेव्हा एका पाळीत बांगलादेशाला 35,000 ची हमी, पुढच्या पाळीत भारताला, असं आलटून पालटून चालतं. 35,000 क्युसेक दिवसभर वाहिलं की तीन टीएमसी होतात. म्हणजे दहा दिवसांच्या एका पाळीत तीस. पुणे शहर आणि दौंड-इंदापूरची शेती ज्या चार धरणांच्या भरवशावर वर्षभर असते, त्यांचा भरलेला साठा तिथे एका पाळीलाही पुरा पडत नाही.

पाळीचं दुखणं आमच्या विहिरीसारखंच आहे. विहिरीत येईल तेच वाटायचं. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये वरच्या वर पाणी उचललं गेलं की फरक्क्याला कमी येतं. प्रवाह 50,000 क्युसेकच्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी लगेच बोलायचं, एवढंच करारात आहे. बांगलादेशाला आपल्या वाट्याच्या निदान 80 टक्के पाणी मिळेलच, अशी हमी 1977 मध्ये होती. 1996 मध्ये ती नाही. आणि 12 डिसेंबर 2026 ला मुदत संपते.

तरीही मला पाळीच अधिक मोलाची वाटते. उन्हाळ्यात फरक्क्याला आणि बांगलादेशातल्या हार्डिंग पुलापाशी दोन्ही देशांची माणसं मिळून पाणी मोजतात. आकडा दोघांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे भांडण झालं तरी त्या आकड्यापासून सुरू होतं. वाटणीत ही सवय लागतच नाही, आणि बांध घातला म्हणून पुराचं पाणी काही थांबत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये चिनाबची उपनदी तावी फुगली. करार स्थगित, आयुक्तांची वाट बंद. तेव्हा भारताने पुराचा इशारा इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायोगामार्फत पाकिस्तानला कळवला.